सुप्यातलं समुद्रफूल

भागिरथी भित्री बाई नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. राहुरीकडं ऊसतोडीला असताना दहा हातांवर बिबट्या उभा राहिलेला तिनं पाहिला होता. बाकीच्या बायका कोयते टाकून पळाल्या. हिनं काय केलं, तर "हाड रे मेल्या!" म्हणून कुत्र्याला हाकलावं तसं त्याला हाकललं, मोळी डोक्यावर घेतली आणि गाडीकडं चालू लागली. सतरा हंगाम तिनं कोयता चालवला. नवरा रंभाजी काविळीनं गेला, त्या वर्षीचा हंगामही तिनं एकटीनं पुरा केला. अशी बाई. आणि परवाच्या गुरुवारी सकाळी, सुप्याच्या एमआयडीसीत, कंपनीच्या गारेगार हॉलमध्ये काचेच्या टाकीसमोर उभी राहिल्यावर तीच पार घाबरून गेली. कशानं? तर एक फूल मिटलं म्हणून.

आता नगर जिल्ह्यात समुद्राचं फूल कुठून आलं, असं कुणीही विचारेल. भागिरथी जामखेडकडची. तिकडं टँकर वेळेवर आला तरी समुद्र बघितल्याचा आनंद होतो माणसाला. पण मोठ्या लोकांच्या हौसेला मोल नसतं. पाहुण्यांनी आत पाऊल टाकल्याबरोबर 'वा!' म्हणावं, अशी कंपनीच्या मॅनेजर साहेबांची इच्छा. म्हणून हॉलमध्ये सहा फुटांची टाकी आली, पिशव्यांतून समुद्राचं मीठ आलं, निळे दिवे आले, दगड आले, वाळू आली, आणि मधल्या दगडावर ते फूल आलं. ताटलीएवढं, हिरवट तपकिरी, शंभरएक बोटांचं. प्रत्येक बोटाच्या टोकाला बोराएवढा फुगा. त्या बोटांमध्ये पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे दिवसभर लोळत असायचे. भागिरथी त्यांना जावई आणि लेक म्हणायची.

टाकीची सगळी देखभाल नगरच्या तुषारकडं. पंधरा दिवसांतून एकदा तो मोटारसायकलवर यायचा. पहिल्याच भेटीत त्यानं तिला सांगितलं होतं, "मावशी, हे झाड नाही बरं का. जनावर आहे. याला तोंड आहे, पोट आहे, खाली एक पाय आहे."

"आन् डोळं?"

"डोळे नाहीत."

"मग बरंय बाई. बघत तरी न्हाई कुनाकडं."

तुषार हसला होता. पण त्यानं शिकवलं मनापासून. त्याच दगडावर कधीकधी काचेसारखी पातळ, तपकिरी, बोटभर उंचीची दुसरीच जात उगवते, ती गाजरगवतासारखी पसरते, ती दिसली की मला लगेच सांगायचं. आपलं फूल कुठलं, ते टोकाच्या फुग्यांवरून आणि जाड गुलाबट पायावरून ओळखायचं. आणि रोज सकाळी काचेवरच्या काळ्या रेघेपर्यंत फिल्टरचं साधं पाणी घालायचं, कारण पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागं राहतं. "हे फूल मेलं ना मावशी, तर बघताबघता कुजतं. संध्याकाळपर्यंत सगळी टाकी जाईल." हे वाक्य त्यानं सहज म्हटलं असेल. भागिरथीनं ते गाठीला बांधून ठेवलं.

बांधून ठेवायला कारण होतं. तिच्या आधी टाकी बिभीषण नावाच्या माणसाकडं होती. एका सुट्टीनंतर येऊन बघतो तर चार मासे उलटे. त्याचा दोष होता की नव्हता, देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. ठेकेदाराची माणसं, त्यांना काय, आज आहेत उद्या नाहीत. बिभीषण यंदा बायकोसकट तोडीला गेलाय, हे भागिरथीला माहीत होतं. तिची स्वतःची आई, बनुबाई, पंच्याहत्तरीची, सुप्यातल्या एका खोलीत तिच्याजवळ राहायची. लेक वृषाली नगरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हे काम गेलं तर म्हातारीला कुठल्या फडावर न्यायचं? उसाच्या पाचटाच्या कोपीत झोपवायचं?

तर गुरुवारी पावणेआठला तिनं दिवे लावले आणि बघितलं, तर फूल एवढंसं झालेलं. फुगे गेले होते. बोटं सुयांसारखी बारीक आणि सगळी खाली लोंबलेली. लेक-जावई बाहेरच घिरट्या घालत होते.

"अगं बाई," एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिनं इकडंतिकडं बघितलं. हॉलमध्ये कुणी नव्हतं. तिनं तुषारला फोन लावला.

"तुषारदादा, फूल मिटलंया."

"मिटतं कधीकधी, मावशी. पोटातलं घाण पाणी टाकतं आणि पुन्हा फुगतं. कधीपासून मिटलंय?"

"काल सांजच्याला जरा सुकल्यावानी वाटलं. म्या म्हनलं झोपलं आसंल. आज तर पार गेलंया."

पलीकडं तुषारचा आवाज बदलला. "घाबरू नका. मी विचारतो ते बघून सांगा. आधी तोंड. मधोमध बघा, बंद आहे का उघडं?"

भागिरथीनं काचेला नाक लावलं. तोंड उघडं होतं. नुसतं उघडं नव्हे, दात पडलेल्या म्हातारीनं आ करावा तसं आतलं बाहेर आलेलं. "उगडं हाय," ती म्हणाली.

"पाय? दगडाला धरून आहे का?"

"निम्मा हाय. निम्मा सुटलाया."

"बरं. आता हात नुसत्या पाण्यानं कोपरापर्यंत धुवा, साबण नको, आणि एका बोटाला हलकेच स्पर्श करा. चिकटतंय का सांगा."

रोज ती खायला घालताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं की चिकटायचं, पोळीच्या ओल्या कणकेसारखं. तिला त्याची गंमत वाटायची. आज तिनं हात घातला, स्पर्श केला, आणि ते बोट नुसतं बाजूला सरकलं. तिनं दुसऱ्याला लावून बघितलं, तिसऱ्याला लावून बघितलं. कशालाच पकड नव्हती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"न्हाई धरत, दादा."

"शेवटचं. तुमच्या बोटाचा वास घ्या. कुजका येतो का?"

हा वास घ्यायला तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. तिनं डोळे मिटून बोट नाकाशी नेलं. खारट वास होता, ओल्या दगडाचा. कुजका नव्हता. तिनं तसं सांगितलं.

"म्हणजे जिवंत आहे," तुषार म्हणाला. "निघालोच मी. आणि हो, त्या काच साफ करणाऱ्या गोगलगायी बघा कुठं आहेत."

गोगलगायी वाळूत उताण्या पडल्या होत्या. पाचच्या पाच.

फोन ठेवला आणि खरी भीती तेव्हा सुरू झाली. तुषार यायला तास लागणार. त्या तासात भागिरथीनं स्वतःच्या दोन्ही हातांची झडती घेतली म्हणा ना. आपण काय केलं? फिनेल उडालं का? नाही, टाकीजवळ ती फिनेल आणतच नाही. उदबत्ती? शनिवारी ठेकेदाराच्या सुपरवायझरनं, काकासाहेबांनी, लावली होती, पण ती लांब, दारापाशी. मग तिला आठवलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. बाम! गुडघे दुखतात म्हणून काल सकाळी तिनं बाम चोळला होता. हात धुतले होते का? धुतले होते. नीट धुतले होते का? आता कसं सांगणार! ती मागच्या मोरीत गेली आणि हात घासघासून धुतले, लाल होईपर्यंत धुतले. जसं काही आत्ता धुतल्यानं कालचं जाणार होतं.

पाण्यात तर तिच्याकडून काही कमी पडलं नव्हतं, असं तिला पक्कं वाटत होतं. उलट पाण्याला तिनं जिवापाड जपलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी टाकीची पांढरी प्लास्टिकची बादली तडकली. काकासाहेबांकडं नवीन मागितली, तर "लिहून दिलंय, येईल" म्हणाले. त्यांचं 'येईल' म्हणजे आलं तर आलं. तोवर काय फरशीच्या बादलीनं पाणी घालायचं? तिला ते पटेना. म्हणून तिनं घरची तांब्याची कळशी आणली. सकाळी कँटीनच्या फिल्टरवर शिफ्टच्या लोकांची झुंबड असते, म्हणून ती संध्याकाळीच भरून मोरीतल्या कट्ट्यावर ठेवायची, वर फडकं बांधायची. रोज रिकामी झाली की चिंच-मिठानं घासायची, अशी की तोंड दिसावं. तांब्यातलं रात्रभरचं पाणी किती गुणाचं, हे काय कुणी सांगायला हवं? स्वतः मॅनेजर साहेब टेबलावर तांब्याची बाटली घेऊन बसतात.

साडेआठला काकासाहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण पानाची सळसळ झाली तरी दचकणारा. टाकीत बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कुनी हात लावला हुता ह्याला?"

"मीच लावते रोज. दुसरं कोन लावनार?"

"भागिरथी, साहेब अकराला येत्यात. माझं नाव मधी आनू नगस बरं का. आदीच सांगतो." एवढं बोलून ते निघून गेले, आणि जाताजाता ॲडमिनच्या सुरेखा मॅडमना सांगून आले. चांगला आधार दिला म्हणायचा!

मॅडम आल्या, पाठोपाठ तुषार आला. हेल्मेटही न काढता तो टाकीपाशी वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग मॅडमना म्हणाला, "मासे बघा. एकदम ठणठणीत. खायला मागतायत. आणि फूल आणि गोगलगायी, दोन्ही आजारी. म्हणजे मिठाचा किंवा उष्णतेचा घोटाळा नाही, तो सगळ्यांना बाधला असता. ज्यांना हाडं नाहीत त्यांनाच बाधलंय. मला एक शंका आहे."

त्यानं बॅगेतून काचेची बारकी नळी काढली, टाकीतलं पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकले आणि नळी पांढऱ्या कागदासमोर धरली. "रंग यायला नको," तो म्हणाला.

भागिरथी कोपऱ्यात मॉप धरून उभी. बाम दिसेल का त्या नळीत? माझं नाव निघेल का? तिनं मनातल्या मनात पंचशील म्हणायला सुरुवात केली आणि दोन ओळींनंतर पुढचं आठवेना. नळीतल्या पाण्याला हळूहळू रंग चढत गेला.

"तांबं," तुषार म्हणाला.

"तांबं?" मॅडम म्हणाल्या. "टाकीत तांबं कुठून येणार?"

"पाण्यात उतरतं ते. माशांच्या काही औषधांत असतं, माशांना चालतं. पण या फुलाला तांबं म्हणजे जहर. कुणी औषध टाकलं का टाकीत?"

भागिरथीला मोरीतली कळशी डोळ्यांसमोर दिसली. भरलेली, फडकं बांधलेली, चकचकीत. आज सकाळी फुलाच्या नादात ती टाकीत ओतायची राहिली होती.

"मग असं करू," तुषार म्हणाला, "कुणाच्या हातून एखादे वेळी काही पडलं असेल, असं धरून चालू. निम्मं पाणी बदलतो, तांबं शोषायला कोळसा टाकतो. वाचेल. पण मॅडम, एकदाच पडलं असेल तरच हं. रोज थोडंथोडं जात असेल, तर ते दगडात, वाळूत मुरलं असणार. मग पाणी बदलून उपयोग नाही. फूल आजच्या आज दगडावरून सोडवून दुसरीकडं हलवायला हवं. आणि उगाच तेही करता येत नाही. सोडवताना पाय फाटला तर संपलंच." तो पाणी उपसायची रबरी नळी लावायला लागला.

भागिरथी मागं मोरीत गेली. कळशी ओतायची, पिशवीत घालायची, संध्याकाळी घरी न्यायची, पुन्हा आणायची नाही. झालं. कुणाला कळणार होतं? तिनं कळशी उचललीही. काठ मोरीकडं वाकवला.

पण ती कळशी बनुबाईची होती. बनुबाईच्या बापानं धम्म घेतला तेव्हा ती सात-आठ वर्षांची. धम्म घेतला, नवी वाट धरली, पण गावची विहीर तीच होती. काठापासून लांब घागर ठेवून उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. एकदा दुष्काळी उन्हात, तहान सोसेना म्हणून बनुबाईनं स्वतःच पोहरा धरला आणि ओढला. बास. "हात लावला! पोरीनं हात लावला!" म्हणून सगळा गाव गोळा झाला. तिला मारलं त्याचं तिला काही वाटलं नाही, असं ती म्हणायची. तिनं काढलेलं पाणी तिच्यासमोर मातीत ओतलं, ते ती विसरली नाही. पुढं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून तिनं पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलं, ते जामखेडच्या बाजारातून ही कळशी. तोवर वस्तीला स्वतःचा आड झाला होता. कुणी घरी आलं की त्या कळशीतलं पाणी द्यायचं. कंपनीतलं समुद्राचं फूल आपल्या कळशीतलं पाणी पितं, हे कळल्यावर म्हातारी शेजारणीला दोनदा सांगून आली होती.

आणि आता ह्याच पाण्यानं जहर झालं म्हणून चारचौघांत सांगायचं? भागिरथीला कामाची भीती होतीच, पण आता तिच्या लक्षात आलं की तिला त्याहून मोठी भीती कशाची आहे. त्या हॉलमध्ये कुणीतरी तेच म्हणेल, हात लावला म्हणून. शब्द तेच नसतील, पण तेच म्हणेल.

तिनं कळशी सरळ केली. ओतली नाही. ओतणाऱ्यांच्यात आपण जायचं नाही, असं काहीसं तिच्या मनात आलं असावं. किंवा नुसतं ते आ केलेलं तोंड आठवलं असेल. कळशी कडेवर घेऊन ती हॉलमध्ये आली आणि सगळ्यांसमोर फरशीवर ठेवली. पाणी हिंदकळून सांडलं.

"दादा, एकदा न्हाई. रोज गेलंया. तीन आठवडं. कळशी भरून. रातभर ठिवलेलं. चिंच लावून घासायची मी."

तुषारनं कळशीकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो मावशी... चिंचेनं तर आणखी उतरतं."

"मी न्हाई सांगितलं घरची भांडी आनाया!" काकासाहेब दारातूनच ओरडले.

"तुमी बादली न्हाई दिली," भागिरथी म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

सुरेखा मॅडम मनानं चांगल्या. त्यांनी काकासाहेबांना हातानंच गप्प केलं. "मावशी, तुम्ही मुद्दाम केलं नाही, मला माहीत आहे. खरं सांगितलंत. साहेबांशी मी बोलते, तुमचं काम कुठं जात नाही. फक्त उद्यापासून टाकीच्या पाण्याला हात लावायचा नाही. तुम्ही आपली फरशी बघा."

काम राहिलं होतं! इथं भागिरथीनं "बरं म्याडम" म्हणून मॉप उचलायला हवा होता. कुणीही शहाणी बाई तेच करती. तिनंही तोंड त्याच्यासाठीच उघडलं. पण 'बरं' बाहेर पडेना, आणि जे बाहेर पडलं ते निराळंच.

"म्याडम, चूक सांगा. तांबं आनू नगं म्हना, जन्मात न्हाई आनत. पितळ आनू नगं म्हना, त्येबी न्हाई. पर हात लावू नगं असं नका म्हनू."

"अहो, मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"म्हाईत हाय मला. पर ऐकू तसंच येतंया."

मॅडम बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांना समजलं असावं, कारण मानेपासून वर त्या लाल होत गेल्या. काकासाहेब एकदम छताकडं बघायला लागले. भागिरथीला वाटलं, घालवली. चांगली हातातली भाकरी आपल्याच तोंडानं घालवली आपण.

"मॅडम," तुषार मधेच म्हणाला, "ते नंतर ठरवा. रोजचं पाणी असेल तर हे आत्ता हलवायला लागणार, आणि मला मावशींचाच हात लागेल. माझी बोटं जाड आहेत, आणि या फुलाला त्यांची सवय आहे."

मॅडमनी मान हलवली. "चूक माझ्या बोलण्यात झाली, मावशी," त्या हळू म्हणाल्या. "करा तुम्ही."

तुषारनं मोटारसायकलला बांधून आणलेल्या निळ्या पिंपात नवं मिठाचं पाणी तयार केलं. भागिरथीनं स्टुलावर चढून दंडापर्यंत हात टाकीत घातला. उसाच्या पाचटानं कापलेल्या, कोयत्यानं घट्टे पडलेल्या बोटांनी फुलाचा पाय दगडावरून सोडवायचा. "नखानं नाही, बोटाच्या मऊ भागानं. कडेकडेनं," तुषार सांगत होता. "घाई नको. फाटतोय असं वाटलं की थांबा." ती कितीदा थांबली. फाटलं तर? आता फाटलं तर सगळं आपल्याच अंगावर. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात नव्हता. पायाची सुटलेली बाजू गिळगिळीत होती, धरलेली बाजू मात्र अजून ताठ होती. त्या ताठपणाचीच तिला आशा वाटत होती. "सोड बाबा, सोड," ती पुटपुटली, "तुझ्या बऱ्याचंच करतीया." आणि बऱ्याच वेळानं तो पाय एकदाचा तिच्या तळहातावर सुटून आला. अखंड.

पिंपात त्याला सोडलं, दोन्ही मासे आणि गोगलगायी त्याच्यामागं सोडल्या, आणि मग बघत बसण्याखेरीज काही उरलं नाही. साहेब येऊन गेले, मॅडम त्यांच्याशी केबिनमध्ये बोलल्या, काय बोलल्या कुणास ठाऊक, साहेब जाताना पिंपात डोकावले आणि काही न बोलता गेले. बोलले नाहीत म्हणून भागिरथीला आणखी भीती वाटली. चारच्या सुमाराला तोंड थोडं मिटलं. तुषारनं तिला बोट लावून बघायला सांगितलं. तिला आधी धीरच होईना. मग लावलं. फुलाच्या एका बोटानं, अगदी अधू, पण धरलं.

"जगेल का दादा?"

"आठ दिवस तरी काही सांगता येणार नाही," तुषार म्हणाला. "पण सकाळी धरत नव्हतं, आता धरतंय." जाताना त्यानं दुकानातून नवीन पांढरी बादली पाठवतो म्हणून सांगितलं, आणि मॅडमनी टाकीच्या मागच्या भिंतीवर स्वतःच्या अक्षरात कागद लावला: 'टाकीसाठी तांब्या-पितळेचं भांडं वापरू नये.' त्यात कुणाचं नाव नव्हतं.

संध्याकाळी ती कळशी घेऊन खोलीवर आली. वाटेत तिनं ठरवलं होतं, म्हातारीला सांगायचं नाही. काहीतरी थाप मारू, नवीन बादली आली म्हणू. पण बनुबाई दारातच बसलेली. कळशी बघितली आणि भागिरथीचं तोंड बघितलं.

"का गं, परत का आनली? फुलाला काय झालं?"

भागिरथी उंबऱ्यावरच बसली आणि तिला रडू फुटलं. दिवसभराचं सगळं बाहेर आलं, नळीत रंग चढला तेही, मॅडम काय म्हणाल्या तेही, आपण काय म्हणालो तेही. "आये, तुज्या कळशीनंच बाधलं गं त्याला. तांबं उतरलं पान्यात. त्या बारक्या नळीत दिसलं समद्यांला."

बनुबाई सुरकुतलेला हात कळशीच्या काठावरून फिरवत होती.

"मेलं का?"

"न्हाई. हाय अजून."

"आन् त्या नळीत पानी घातलं की कळतं? पान्यात वाईट काय हाय ते?"

"कळतं."

म्हातारीनं कळशी जवळ ओढली.

"असली नळी तवा पायजे हुती गं," ती म्हणाली. "म्या काढलेल्या पान्यात काय निघतंय, ते समद्या गावाला दावलं असतं."